तात्यांच्या डब्याला लावलेली वायर

हे लिहिणार नव्हतो. आमच्याकडं असल्या गोष्टी सांगतात, लिहीत नाहीत. पण मी ही गोष्ट आजवर पंचवीसेक वेळा सांगितली असेल, आणि दरवेळी मी त्यात थोडा थोडा मोठा होत चाललोय हे परवा लक्षात आलं. टाईप केलं की तसं जमत नाही. वर जाऊन वाचलं की सापडतो आपण. म्हणून लिहून टाकतो, जसं झालं तसं.

"आधी कटकटी सांग," तात्या म्हणाले होते. "फायदे काय, विकणारा न विचारता सांगतो."

साल दोन हजार सोळा, जानेवारीचा शेवट. बेंदवाडीच्या पाणीपुरवठा संस्थेची नदीकाठची खोली. खाली जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी घेणारी विहीर, त्यात मोटारी, वर ही खोली. टेबलावर काळा डबा. डबा म्हणजे स्पेक्ट्रम. घरगुती कॉम्प्युटर, शाळेच्या पाटीएवढा, रबराची करडी बटणं, कोपऱ्यात रंगीत पट्टे. तात्यांच्या धाकट्या भावानं तो सत्त्याऐंशी साली पुण्याहून आणला होता. त्याला जोडलेला एक ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम कॅसेटवर. टेप लावायची, कर्कश्श आवाज सुरू होतो, तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम. डबा ऐकतो आणि शिकतो.

आणि हा डबा शोभेचा नव्हता. कामावर होता.

संस्थेचे साठ सभासद, सहा गट. नदीचं पाणी उचलून पाळीपाळीनं रानाला द्यायचं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी कुणालाच नको असते. थंडी, साप, उसात रानडुक्कर. म्हणून दिवस-रात्रीची वाटणी बरोबर व्हायला पाहिजे, आणि मध्ये लाईट गेली तर ज्याचे तास बुडाले त्याला ते पुढच्या आठवड्यात दिवसा भरून द्यायला पाहिजेत. ह्या हिशोबावरून शहाऐंशी साली गावात डोकी फुटली होती. तात्या, म्हणजे भूपाल चौगुले, तेव्हा संस्थेचे सेक्रेटरी. त्यांनी पुस्तकात बघून बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकली, सहा महिने खपून प्रोग्रॅम लिहिला, आणि तेव्हापासून पाळीपत्रक डब्यानं काढायचं. अठ्ठावीस वर्षं. एक भांडण नाही. तात्या रिटायर झाले, पण डब्याजवळ दुसरं कुणी बसायचं नाही. आणि मला तो डबा मोबाईलला जोडायचा होता.

"पहिली कटकट," मी म्हणालो, "डबा म्हातारा झालाय. मागच्या पट्टीला काही जोडायला गेलो आणि हात हलला, तर आतली चिप जाईल. ती आता मिळत नाही."

"म्हणजे माझा डबा मेला."

"म्हणून मागं हातच लावणार नाही. टेपची दोन भोकं आहेत ना, एक ऐकायचं, एक बोलायचं? तिथंच दोन वायरी घालायच्या. टेपरेकॉर्डरच्या जागी माझं बोर्ड, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. डब्याला वाटणार टेपच चाललीय."

"फसवणार म्हण की त्याला."

"दुसरी कटकट, अडॅप्टर. डब्याचं टोक उलटं आहे, आत ऋण. कुणी चुकून राऊटरचं अडॅप्टर खुपसलं तर संपलं."

"ते मी चिकटपट्टी लावून लिहिलंय. पुढं?"

"हळू आहे. एक पत्रक बाहेर पडायला मिनिटभर."

"मला कुठं गाडी गाठायचीय? आता फायदे."

फायदे मला पाठ होते. पाळीपत्रक टीव्हीवर आलं की तात्या ते फळ्यावर उतरवायचे, आणि रविवारी लोकांनी येऊन बघायचं. मळ्यातली माणसं चार-चार किलोमीटरवरून यायची. पाच नंबर गटातल्या हौसाक्का, नवरा वारलेला, पोरगा सैन्यात, त्यांची पाळी बदललेली कळायचीच नाही त्यांना. माझं बोर्ड लागलं की पत्रक निघाल्या निघाल्या साठ जणांच्या मोबाईलवर मेसेज. आणि लाईट गेलेले तास पंपचालकानं जागेवरून मोबाईलनं पाठवायचे, ते परस्पर डब्यात.

"डब्याला इंटरनेट," दारात ग्रीसनं भरलेले हात पुसत उभा असलेला मुबीन म्हणाला. "उद्या मोटारीला फेसबुक काढून दे लेका. फोटो टाकंल रोज, आज लय गरम झाले म्हणून."

मुबीन शिकलगार. संस्थेचा पंपचालक, त्याच्या आधी त्याचे अब्बा पंपचालक. माझा बालवाडीपासूनचा मित्र. बारावीत मला फिजिक्सला सतरा मार्क पडले तेव्हा "शून्य तर न्हाई ना" म्हणून पेढे वाटलेला माणूस.

"आणि रविवारचं वाचन?" तात्यांनी विचारलं.

वाचन म्हणजे असं. रविवारी नऊ वाजता मुबीन वहीतून प्रत्येक गटाचे बुडालेले तास मोठ्यानं वाचायचा, सहाही गटांची माणसं बसलेली असायची, तात्या आकडा दाबायचे, आणि टीव्हीवर आकडा दिसला की सगळ्यांनी "बरोबर" म्हणायचं. तास-दीड तास जायचा.

"त्याची गरजच नाही आता," मी म्हणालो. ते मी फायद्यातच धरलं होतं.

तात्यांनी डब्यावरची धूळ रुमालानं पुसली. मग म्हणाले, "हौसाक्कासाठी कर. पण डबा गरम झाला तर मला फोन करायचा. कितीही वाजू देत."

तीन आठवडे लागले. मी तालुक्याला वायफायची जोडणी करायचो, दुपारी सुटलो की नदीवर. पत्त्यांच्या पाकिटाएवढं रास्पबेरी पाय बोर्ड, एक साउंड कार्ड, सिमकार्डाची दांडी. परदेशातले म्हातारे लोक फोरमवर लिहितात, डब्याच्या आवाजात शून्य कसा वाजतो आणि एक कसा. ते डिक्शनरी घेऊन वाचलं. पहिल्यांदा बोर्डानं आवाज काढला आणि डब्यानं तो ओळखला, टीव्हीच्या कडेनं टेप चालताना दिसतात त्या पट्ट्या पळायला लागल्या, तेव्हा मी एकटाच होतो खोलीत. खरं सांगतो, उठून उड्या मारल्या. कुणी शिकवलं नव्हतं मला. क्लास नाही, डिग्री नाही.

पहिल्या रविवारी साठ मोबाईल वाजले. हौसाक्का दुसऱ्या दिवशी संस्थेत आल्या, म्हणाल्या, "बाळा, माझं नाव आलं की रं मोबाईलमध्ये." तीन गावांच्या संस्थांनी तात्यांना फोन करून विचारलं, पोरगं आमच्याकडं येईल का. मी गावातनं चालायचो तेव्हा छाती दोन बोटं पुढं.

रविवारचं वाचन बंद झालं. मेसेज येतोय म्हटल्यावर कोण येतंय?

मार्चात ऊन वाढलं. द्राक्षं काढणीला आली, उसाला पाणी कमी पडायला लागलं, एकेक तास मोलाचा. एका गुरुवारी चार नंबर गटाच्या पाळीत चार तास लाईट गेली. चार नंबर म्हणजे रणधीरदादांचा गट, चेअरमनचे पुतणे. मुबीननं जॅकवेलवरून मेसेज टाकला. नंतरच्या रविवारी पत्रक निघालं आणि चार नंबरला दिवसा आठ तास जादा. पाच नंबर गट ढकलला रात्रीत.

रणधीरदादा काही बोलले नाहीत. सोमवारी, मंगळवारी, दिवसाउजेडी पाणी पाजून मोकळे.

बुधवारी पाच नंबरचे बाबगोंडा पाटील संस्थेत येऊन टेबलावर हात आपटून गेले. "लाईट गेली चार तास, ह्यांना आठ कसे मिळाले? माझी भावजय रात्रीची पाणी धरायला गेली, पाय घसरून पडली पाटात! कुणी इकलं पाणी आमचं?" भावजय म्हणजे हौसाक्का. मनगट मोडलं होतं.

आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याच गुरुवारच्या आदल्या दिवशी रणधीरदादांनी मुबीनला द्राक्षाची पेटी दिली होती. ती सगळ्यांनी बघितली होती, कारण मुबीन ती गाडीच्या हँडलला बांधून गावातनं आला होता.

शनिवारपर्यंत ठरूनच गेलं. रविवारी सभा, आणि मुबीनला काढायचं. त्याच्या अब्बांचं आणि त्याचं मिळून छत्तीस वर्षं त्या मोटारींवर. नुसतं काम गेलं असतं तर एक वेळ. पाणी विकलं हे नाव घेऊन त्याला ह्या गावात दुसऱ्या दिवशी चहा प्यायलाही कुठं बसता आलं नसतं.

मी शनिवारी दुपारी गेलो. मुबीन जॅकवेलच्या पायऱ्यांवर पॅकिंगची दोरी कापत बसला होता.

"मुब्या, खरं सांग. पेटी घेतलीस?"

"घेतली की. अर्धी तूच खाल्लीस. त्याच्या वाल्वमध्ये कचरा अडकलेला, पाण्यात उतरून काढला, म्हणून दिली."

"ते नाही. आठ तू पाठवलेस का?"

त्यानं कात्री खाली ठेवली. "तू विचारतोयस?"

"सगळेच विचारतायत."

"सगळ्यांचं सोड."

मी खाली पायऱ्यांकडं बघितलं. तो उठला आणि खाली मोटारींकडं उतरून गेला. वर न बघता.

मी खोलीत आलो. तात्या नव्हते. लॅपटॉप बोर्डाला लावला, त्या गुरुवारची नोंद काढली. दोन ओळी होत्या.

दोन वाजून सात मिनिटं, गट चार, तास चार. दोन वाजून नऊ मिनिटं, गट चार, तास चार.

जॅकवेलवर रेंज येत-जात असते. मुबीनच्या मोबाईलला वाटलं मेसेज गेला नाही, त्यानं आपोआप परत पाठवला. माझ्या बोर्डाला दोन आले. एकच मेसेज दोनदा आला तर एकदाच धरायचा, हे सांगणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. चार आणि चार आठ. बोर्डानं ते मुकाट डब्याच्या कानात घातलं. पूर्वी असतं तर मुबीननं "चार" म्हटलं असतं, टीव्हीवर आठ दिसले असते, आणि सहा माणसं एकदम ओरडली असती.

चहा मागवला. तो निवेपर्यंत मी काय ठरवलं ते सांगतो. मी ठरवलं, डब्यावर घालायचं. तीस वर्षांचा डबा, उन्हाळा, गरम झाला, चुकला. कोण नाही म्हणणार? मुबीन सुटला. माझं बोर्ड सुटलं, त्या तीन संस्था सुटल्या नाहीत. गेलं तर एका जुन्या यंत्राचं नाव गेलं. मला ते फार हुशारीचं वाटलं. नोंदीतली दुसरी ओळ खोडायला बोटसुद्धा ठेवलं होतं.

खोडायच्या आधी म्हटलं, एकदा डब्याला हातानं विचारून बघू. उद्या कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून, दुसरं काही नाही. वायरी काढल्या, तात्यांची कॅसेट लावली, मुबीनची वही घेतली आणि गुरुवारचे चार तास माझ्या हातानं दाबले.

टीव्हीवर पत्रक आलं. चार नंबरला चार तास. पाच नंबर दिवसा. हौसाक्का, मंगळवार, सकाळी दहा.

तेवढं वाचून मी बसून राहिलो. डब्यानं ते नाव इतकं बरोबर जागी ठेवलं होतं, आणि मी त्यालाच चोर ठरवायला निघालो होतो.

रविवारी पन्नास-पंचावन्न माणसं होती. काही खिडकीत, काही पायऱ्यांवर. मुबीन भिंतीला टेकून उभा, नवा शर्ट घालून. जाताना नीट जायचं म्हणून घातला असणार. तात्या डब्याजवळ. चेअरमननं बोलायला तोंड उघडलं, त्याच्या आधी मीच उठलो.

"मला एक दाखवायचंय. दोन मिनिटं."

"दाखवून झालं न्हवं का तुझं सगळं?" बाबगोंडा म्हणाले. "तुझ्या मेसेजनंच तर रात्रीची पाळी आली आमाला."

"तेच दाखवतो, काका."

डब्यात चार दाबले. पत्रक आलं. आठ दाबले. वेगळं पत्रक आलं, ज्यानं हौसाक्का रात्री गेल्या तेच. मग लॅपटॉप फिरवला आणि त्या दोन ओळी दाखवल्या. मुबीननं आपला मोबाईल पुढं केला, त्यात पाठवलेला मेसेज एकच होता. तो मोबाईल हातोहात खिडकीपर्यंत फिरून आला.

"म्हंजे चूक कुणाची म्हणायची?" बाबगोंडांनी विचारलं. "डब्याची?"

"नाही. डब्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. मुबीनचीही नाही. माझी. एक ओळ लिहायची राहिली माझी. आणि तुमचं रविवारचं वाचन मी बंद पाडलं, ते असतं तर ही चूक खोलीच्या बाहेर गेली नसती."

मागून एकजण हळूच म्हणाला, "शिकलंय कुठं पोरगं?"

"यूट्यूबवर," मी म्हणालो.

दोघं-तिघं हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी माझी बाजूही घेतली नाही. चष्मा पुसत एवढंच विचारलं, "मग आता काय करायचं म्हणतोस?"

मी कटर घेतला आणि डब्यात जाणारी वायर कट्कन तोडली. "आत जाणारं बंद. आत जो आकडा जाईल तो इथंच वाचून, तुमच्यासमोर, तात्यांच्या हातानं. बाहेर जाणारं ठेवतो. पत्रक मोबाईलवर येईल, आणि फळ्यावरही लागेल. दोन्ही जुळतंय का कुणीही बघावं."

"अरे, तोडायची कशाला?" तात्या म्हणाले. "नुसती उपसायची की. चांगली वायर होती."

सगळी खोली हसली. बाबगोंडासुद्धा. मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं, पण सांगतो, आयुष्यात कधी वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या मिनिटाला वाटला. साठ मोबाईल वाजले होते त्या दिवसापेक्षा जास्त.

रणधीरदादांनी जादाचे चार तास पाच नंबरला परत दिले. तोंड वाकडं करून, पण दिले. आणि माफीबिफी कुणी मागितली नाही. बाबगोंडा पाटील फक्त टेबलावरची वही उचलून मुबीनच्या हातात देत म्हणाले, "वाच बाबा. मोठ्यानं वाच, माझ्या ह्या कानाला कमी येतंय."

मुबीननं वाचलं. सहा गट. प्रत्येक आकड्याला "बरोबर". शेवटच्या "बरोबर"नंतर त्यानं वही मिटून तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

आज आठ वर्षं झाली. त्या तीनपैकी दोन संस्थांनी नंतर बोलावलंच नाही. तिसरीनं बोलावलं, आणि त्यांच्या सेक्रेटरीनं पहिलंच वाक्य टाकलं, "ते बाहेर जाणारंच लाव, आत जाणारं नको. तुमच्या गावातलं ऐकलंय आम्ही." आता अकरा ठिकाणी माझी बोर्डं आहेत. अकराही फक्त बोलतात, ऐकत नाहीत. त्यांच्याकडं साधे कॉम्प्युटर आहेत, स्पेक्ट्रम एकट्या बेंदवाडीत. तात्या एक्याऐंशीचे झाले, तरी रविवारी नऊला हजर. डबा एकदाही गरम झाला नाही.

पण त्या रविवारचं एक राहिलंच. ते मी कधी सांगत नाही.

सभा सुटल्यावर मी जॅकवेलच्या पायऱ्यांवर गेलो. मुबीन नव्या शर्टाच्या बाह्या वर सारून पंपाचे बोल्ट आवळत होता. दहा मिनिटं मी तिथं उभा होतो, त्यानं मान वर केली नाही.

"बोल की," मी म्हणालो.

"काय बोलू? झालं की सगळं. हिरो झालास."

"मुब्या."

"लोकांनी विचारलं, त्याचं मला काय न्हाई. त्यांना त्यांच्या पाण्याचं पडलंय." त्यानं पाना फिरवला. "तू यंत्र उघडायच्या आधी मला विचारलंस. कुठलं सोप्पं होतं सांग? दोन ओळी बघायच्या का बालवाडीपासूनच्या माणसाला चोर म्हणायचं?"

"चोर नाही म्हटलं."

"म्हटलंस. खाली बघून म्हटलंस."

नदीत एक म्हैस पाण्यात बसली. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो.

"पुढच्या वेळी काही चुकलं," शेवटी मी म्हणालो, "तर आधी माझं उघडीन. शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्यात नाही सापडलं तर परत एकदा बघीन. त्यानंतर तुझ्याकडं येईन, आणि तेही विचारायला नाही. तुझ्या बाजूनं उभं राहायला."

त्यानं पाना माझ्याकडं धरला. "तो खालचा बोल्ट आवळ. आणि हे परत म्हण, मोटारीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई."

मोटार बंद होती. तरी मी परत म्हटलं. मोठ्यानं.